मागच्या कोठीतलं नाव

प्रिय धाकट्या,

फोन उचलायला हात मोडलेत का तुझे? काल तुमच्या कारखान्याच्या हापिसात येऊन ताटकळत उभी होते. ह्यांचं नाव दिलं, तर काचेपलीकडच्या बाईने कॉम्प्युटरात बघून सांगितलं, या नावाचा कामगार आमच्याकडे कधी नव्हताच. मी म्हटलं, मग इतकी वर्षं डबा काय भुताला भरून देत होते? तिने खिडकी लावून घेतली. तू तिच्या मागच्याच टेबलाशी मान खाली घालून बसला होतास. आंधळी नाही झाले मी अजून.

तुझे भाऊजी गेले तेव्हा उशी लाल झाली होती. ॲसिडच्या टाकीवरचे सगळे तसेच खोकतात, पण साहेब म्हणतात, टाकीने कोणी आजारी पडलंच नाही. कसं पडेल? नळीत फुंकायला लावून छातीची तपासणी करायचे, ते आकडे ह्यांच्या नावाला बांधलेले. नावच पुसलं तर फुंकलं कोणी? वाऱ्याने.

ते कॉम्प्युटरचं काम केलंस तेव्हा आमच्याकडे जेवताना केवढी फुशारकी मारलीस. ट्रिगर का काय तो बसवलाय म्हणालास. मला कळेना, तर घास हातात धरून समजावलंस. कोणी नाव पुसायला गेलं की कॉम्प्युटर आपणहून, कोणी न सांगता, ते आधी मागच्या कोठीत नेऊन ठेवतो. त्या नावाच्या तपासण्या, पाळ्या काही सुटत नाही, तिथेही नावाला धरूनच राहतं. हे किती खूश झाले. म्हणाले, माझा मेव्हणा कोणाला बेवारस होऊ देणार नाही. मी म्हटलं, आधी जेवा, गार होतंय.

म्हणजे ते तिथे आहेत. तुला ठाऊक आहे, म्हणूनच फोन उचलत नाहीस. नोकरीची भीती मला कळते. मीही भित्रीच, नाहीतर ती काच फोडली असती.

गेलेल्या माणसासाठी मी हे लिहीत नाही. त्यांचं जे व्हायचं ते झालं. साहेबांनी मोठ्या मनाने तुझ्या भाचीला कामावर घेतलंय. जो माणूस कधी नव्हताच, त्याच्या जागेवर. त्याच टाकीवर. घरात दुसरी कमाई नाही, आणि पोरगी माझ्यावरच गेलीय, ऐकत नाही. म्हणते, बाबा टाकीनेच गेले हे दाखव, मग नाही जात. सोमवारी तिची पहिली पाळी. त्या कोठीतून बापाच्या तपासण्या छापून रविवारी संध्याकाळच्या आत घेऊन ये. जमणार नसेल तर तेही रविवारीच येऊन सांग, पण मला नाही, तिच्या तोंडावर सांग.

तुझीच,
ताई