दाराला परत टांगलेली पिशवी

४ मार्च
परत तेच! सुक्याच्या डब्यात चहाचा चोथा, ओल्याच्या डब्यात शाम्पूची बाटली. महिनाभर जिन्यात उभी राहून घसा फोडतेय - ओलं हिरव्यात, सुकं निळ्यात, पॅड-डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका. पण पालथ्या घड्यावर पाणी! आज कचरेवाला म्हणाला, "बाई, असं मिसळून दिलंत तर तुमची इमारत सोडून पुढे जाईन." त्याचंही खरंच आहे. हातानं निवडावं लागतं त्याला.

उद्यापासून नवा नियम. चुकीची पिशवी ज्याची त्याच्या दाराला परत टांगायची. दिवसभर, सगळ्यांना दिसेल अशी.

बाबा म्हणाले, "जरा सबुरीनं घे." त्यांना काय जातंय बोलायला! माझ्याकडे राहायला आल्यापासून खुर्ची सोडत नाहीत.

७ मार्च
नियम लागू पडला! वकीलसाहेबांच्या दाराला खरकट्याची पिशवी लटकवली. एरवी कायदा शिकवतात, आज गुपचूप पिशवी घेऊन आत. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही म्हणजे कचऱ्याच्या हेडमास्तर!" मी आपली फुगले.

१० मार्च
काय करून बसले मी!

खाली सगळ्यांना जमवलं होतं, चुका कशा होतात ते दाखवायला. निळ्या डब्यातली एक पिशवी उचलली, उघडली. चिंध्या निघाल्या. म्हणजे शेजारच्या टेलरबाईंची. चिंध्यांच्या पोटात काहीतरी घट्ट गुंडाळलेलं. सोडवलं तर वापरलेला डायपर. मोठ्या माणसाचा. टेलरबाई तर एकट्याच राहतात.

निदान तेव्हा तरी गप्प बसायचं! पण माझ्या जिभेला हाड नाही. "टेलरबाई, हे तुमचं ना? लाल ठिपका कुठंय?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. त्यांनी एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "हो. माझंच. चुकलं माझं." पिशवी घेतली आणि कठडा धरून वर गेल्या.

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आणि तरी मी पुढे ओलं-सुकं शिकवतच राहिले!

११ मार्च
शेजारचं शिवणयंत्र आज वाजलं नाही. बाबा जेवले नाहीत. "भूक नाही," म्हणाले.

१३ मार्च
वरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. "टेलरबाईंकडून कपडे परत आणले मी. न शिवताच. किळस येते हो!" आणखी दोघींनी आणलेत म्हणे. मी चिडले - त्यात किळस कसली, आजारपण कुणाला चुकलंय? त्या म्हणाल्या, "मग चार लोकांत पिशवी तुम्हीच का उघडलीत?"

तोंडात मारल्यासारखं झालं. त्या शिवणावर बाईंचं पोट आहे.

१५ मार्च
गेले शेवटी. दार अर्धंच उघडलं त्यांनी. यंत्रावर चादर घातलेली. मी म्हटलं, "माझं चुकलं. मी सगळ्यांना सांगते, की..."

"काही सांगू नका. कुणालाच काही सांगू नका. तुमच्या पाया पडते!" आणि हात जोडले. माफी मागायला गेले मी, आणि हात जोडले त्यांनी! मेल्याहून मेल्यासारखं झालं. आल्यापासून स्वतःचं तोंड बघवत नाही आरशात.

१६ मार्च
नाही, असं नाही चालायचं. उद्या रविवार आहे. सगळ्यांना परत जमवायचं आणि त्यांच्यासमोरच टेलरबाईंची माफी मागायची. जिथे अपमान केला, तिथेच.

१७ मार्च
सकाळी चहा देताना बाबांना हे सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघेनात. "तो डायपर माझा होता. तू ऑफिसला गेलीस की ती घेऊन जायची बिचारी, आपल्या चिंध्यांत दडवून टाकायची. मीच पाया पडलो होतो तिच्या. तुझी भीती वाटते गं मला."