फोटोमागचा नंबर

बाबा, पंधरा दिवसांपूर्वी आपल्या स्टुडिओचा बोर्ड उतरवला. दोन माणसं शिडीवर चढली, चार खिळे उपसले आणि संपलं. नाक्यावरचे लोक चहा पीत बघत होते, एकानेही विचारलं नाही की का काढताय. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते म्हणा! तलासरीत आता ज्याच्या त्याच्या खिशात स्टुडिओ आहे. पासपोर्ट साइज फोटोसुद्धा फॉर्म भरून देणारा माणूस तिथल्या तिथे मोबाइलवर काढतो, मागचा पांढरा रंगही तोच भरतो. शेवटची दोन वर्षं मी लॅमिनेशन करत होते आणि मोबाइलची कव्हरं विकत होते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, हिला कॉम्प्युटरचं फार कौतुक होतं, आता घे. म्हणा हो. तेवढं म्हणायला तरी या.

मला अजून जुनंच दुकान दिसतं. पुढे पडदा, त्यावर रंगवलेला जिना. मागे डार्करूम, लाल बल्ब, आणि फोटो धुवायच्या हायपोचा तो आंबूस वास, जो तुमच्या शर्टालाही यायचा आणि आई नाक मुरडायची. बाजाराच्या दिवशी पाड्यांवरून माणसं येतात. नवराबायको ताठ उभी राहतात, आता कोणी रागावणार असल्यासारखी. तुम्ही स्वतःच्या हातातलं घड्याळ काढून त्या नवऱ्याच्या मनगटावर चढवता आणि म्हणता, "हात पुढे धर, दिसू दे की लोकांना!" अर्ध्या तालुक्याच्या लग्नाच्या फोटोंत तुमचंच घड्याळ आहे. फोटो हातात देताना तुम्ही मागे पेन्सिलीने नंबर घालायचात आणि प्रत्येकाला तेच बजावायचात, "फोटो फाटला, भिजला, वाळवीने खाल्ला, तरी घाबरायचं नाही. हा नंबर जपून ठेव. कधी पण ये, मी परत काढून देईन." आणि लोक खरंच जपायचे. फोटो हरवायचा, पण नंबरचा कपटा रेशनकार्डात घडी घालून ठेवलेला असायचा. घरातलं माणूस गेलं की तो कपटा घेऊन कोणीतरी दुकानाच्या पायरीशी येऊन उभं राहायचं. तुम्ही काही न विचारता मागे जायचात, बटरपेपरची पाकिटं चाळायचात आणि बरोबर ती निगेटिव्ह घेऊन बाहेर यायचात. पाड्यांवरच्या कितीतरी माणसांचा आयुष्यात एकच फोटो निघायचा, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं, बाबा.

मी डहाणूला कॉम्प्युटरचा कोर्स करून आले होते, बावीस वर्षांची, अंगात नुसती घाई. वापीच्या ज्या लॅबमध्ये आपले रंगीत रोल धुवायला जायचे, तिथेच रोल येणं कमी झालं होतं. लग्नवाले विचारायला लागले होते, डिजिटल आहे का? तुम्ही म्हणायचात, "आहे ते नीट आहे." मी म्हणायचे, "बाबा, गिऱ्हाईक चाललंय हातचं!" रोज तेच भांडण. आणि मी चुकीचं बोलत नव्हते हो, तेच तर जास्त छळतं. रोल गेलाच. तुम्ही कितीही अडवलं असतं तरी तो जाणारच होता.

मग तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही आठवडाभर चिंचणीला आत्याकडे राहिलात. मी ठरवलं, तुम्ही याल तेव्हा दुकान ओळखू येता कामा नये. डार्करूमची भिंत पाडली. तिथे टेबल, कॉम्प्युटर, प्रिंटर. आणि ती पाकिटं! भिंतभर खोकी, बिस्किटांचे डबे, बुटांचे खोके, सगळ्यांत धूळ बसलेली पाकिटं. मी एक निगेटिव्ह उजेडात धरून बघितली. काळे चेहरे, पांढरे केस, सगळं उलटं. मनात म्हटलं, फोटो तर लोकांच्या घरी आहेत, हा नुसता मागे उरलेला कचरा. अच्छाडकडून टेम्पो घेऊन भंगारवाला आला होता. त्याने विचारलं, "बेन, आ बधुं लई जाउं?" मी त्याच्याच गुजरातीत म्हटलं, "बधुं." सगळं. खोकी उचलायला मी त्याला हातसुद्धा लावला.

तुम्ही आलात ते डोळ्यांवर काळा चष्मा लावून. उंबऱ्यात थांबलात आणि म्हणालात, "वास गेला गं." मी हसले. मला वाटलं कौतुक करताय. मग भिंतीला हात लावत लावत आत आलात आणि विचारलंत, "पाकिटं कुठे ठेवलीस?" मी सांगितलं. तुम्ही एकच शब्द बोललात, "सगळी?" मी म्हटलं, "अहो बाबा, कोणाला लागणार आहेत आता ती?" तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी तो काळा चष्मा लावून, डोळ्यातून पाणी गळत असताना, तुम्ही अच्छाडपासून वापीपर्यंत भंगाराची दुकानं पालथी घातलीत. तीन दिवस. शेवटी कोणीतरी सांगितलं की अशी फिल्म चांदी काढायला गाळतात, ती आता मिळायची नाही. त्यानंतर तुम्ही माझ्यापाशी तो विषय पुन्हा काढला नाहीत.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर सायवनहून ती बाई आली. मी कॉम्प्युटरवर कोणाच्या तरी फोटोतला कान सरळ करत होते. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून फोटोचा तुकडा काढला. वरचं सगळं वाळवीने खाल्लेलं. उरले होते दोन लहान पाय, पायात वाळे, आणि मागे तुमच्या अक्षरात नंबर. पोर पाच वर्षांची, तापाने गेली होती. महालक्ष्मीच्या जत्रेत तुम्ही तंबू लावायचात, तिथे काढलेला तिचा एकुलता एक फोटो. बाई शांत होती. अगदी निर्धास्त. नंबर आणला होता ना तिने.

तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. पुढे झालात आणि म्हणालात, "बाय, दुकानात पाणी शिरलं. सगळं खराब झालं. माझीच चूक, खाली ठेवली होती मी."

"मना पाणी सांगू नको," ती म्हणाली. "तू बोलला होता, कधी पण ये. मी आली. आता दे मना माझी पोर."

तुम्ही हात जोडलेत. मग तिचा आवाज चढला. अख्खा नाका गोळा झाला. "मरणाने नेली ती नेली, उरलेली तू पाण्यात बुडवली!" असं ती तुम्हाला बोलली, बाबा, आणि तुम्ही मान खाली घालून ऐकत राहिलात. मी खुर्चीतून उठले नाही. मी माऊस धरून बसून होते. उठून एवढंच म्हणायचं होतं, मावशी, यांनी नाही, मी. सात पावलं नव्हती मधे. तिच्यानंतर जे जे नंबर घेऊन आले त्या सगळ्यांना तुम्ही तेच सांगितलंत, आणि बाजारात तुमचं नाव झालं, बेफिकीर माणूस, लोकांची माणसं बुडवली. घरी येऊन तुम्ही भाकरी खायचात आणि मला विचारायचात, प्रिंटर नीट चालतो ना? अहो, का विचारायचात? एक थोबाडीत मारायची होती!

आता उलटंच झालंय. मध्ये एक जोडपं आलं, मुलगा हायवेवर गाडीखाली गेलेला. त्याचा मोबाइल घेऊन आले. "यात हजारो फोटो आहेत, ताई, एक काढून दे." कुलूप कसं उघडायचं ते त्या मुलालाच ठाऊक. मी तासभर खटपट केली आणि परत दिला. बाईने तो पदराला पुसला आणि नीट पिशवीत ठेवला. त्या दिवशी दुकान बंद करायचं ठरवलं.

आणि बोर्ड उतरवला त्याच दुपारी सायवनची ती बाई आली. मी ओळखलंच नाही, इतकी वाकलीय. दुकान बंद होतंय असं तिच्या कानावर गेलं होतं. पायरीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुझ्या बापाला मी लय बोलली. चार माणसांत बोलली. पाण्याला कोण अडवणार होतं? तो मेला तेव्हा पण आली नाही, राग होता. आता ते मना खातं. तू त्याची पोर, तू मना माफ कर." असं म्हणून तिने माझे हात धरले. खरखरीत, गरम हात. बाबा, याहून चांगली वेळ मला कधी मिळणार होती? पायरीवर आम्ही दोघीच होतो.

मी म्हटलं, "जाऊ दे मावशी. बाबांनी तुम्हाला केव्हाच माफ केलं होतं."

ती रडली, हलकी झाली, जीप पकडून गेली. मी आत येऊन शटर ओढलं.

हे पत्र खरं तर तिचं आहे. पण तिला वाचता येत नाही, म्हणजे तोंडाने सांगावं लागणार, समोर बसून, तिच्याकडे बघून. म्हणून तुम्हाला लिहीत बसलेय. तुम्ही काही बोलणार नाही, तेव्हाही बोलला नाहीत. सायवनला जायला जीपने तासभर लागतो. रोज सकाळी साडी नेसून तयार होते, नाक्यापर्यंत जाते, आणि भाजी घेऊन परत येते.