परक्या बोटीचं बूड

३ नोव्हेंबर

बोईसरची नवी नोकरी आजपासून सुरू. निघताना आई एकवीरेच्या तसबिरीपुढे हात जोडले. कारखान्यातला संगणक विभाग बंद झाल्यावर पन्नाशीला टेकलेल्या माणसाला कोण घेणार, असं वाटत होतं. या छोट्या कंपनीनं घेतलं. लोकांच्या संगणकप्रणाली त्यांच्याच परवानगीनं फोडून पाहायच्या, म्हणजे चोराच्या आधी भोक आपल्याला सापडतं. आमच्या प्रमुख हिमानी मॅडम मला मुलगी असती तर तिच्या वयाच्या. मला काका म्हणतात. संध्याकाळी सातपाटीला परतल्यावर बायकोला, जमुनाला सांगितलं. ती म्हणाली, "कुलपा फोडायचा पगार देतान? मंग आपल्या आळीतले दोगं फुकट बसलेत, त्यांना पन न्या." स्वतःच हसली. फार दिवसांनी घरात हसू ऐकलं.

५ नोव्हेंबर

आज नियम शिकलो. क्लाऊड म्हणजे दुसऱ्याची यंत्रं भाड्यानं वापरायची. मी माझ्यापुरतं बोटीवर बसवून घेतलं. रिकामी बोट भाड्यानं घेतली तर जाळी आपली, खलाशी आपले. ते हवे तसे तपासावेत. बोट जाळ्यांसकट मालकाची असेल, तर फक्त आपण टाकलेली गाठ ओढून पाहावी. आणि प्रवासी म्हणून चढलो असू, तर गप्प बसावं. बुडाला ठोकून पाहू नये, कारण त्याच बोटीत परकी माणसंही बसलेली असतात. मॅडमना हे फार आवडलं. म्हणाल्या, काका, पुढच्या पोरांना तुम्हीच शिकवा.

८ नोव्हेंबर

पहिलं काम बोटवाल्यांच्या एका संस्थेचं. बोट किनाऱ्याजवळ आली की खलाशाच्या घरी फोनवर संदेश जातो. संस्थेची संगणकप्रणाली आम्ही फोडून पाहायची. संदेश धाडणारी सेवा मात्र दुसऱ्या कंपनीची, तयार, अनेकांना मिळून भाड्यानं दिलेली. तिला हात लावायचा नाही.

कामात मन लागेना. मेहुल, आमचा एकुलता, दोन वर्षांपूर्वी नारळी पुनवेनंतर बोटीवर गेला. बोट उलटी सापडली, तो सापडलाच नाही. जाणत्यांनी देहाच्या जागी दर्भाचा पुतळा जाळून अंत्यविधी उरकायला सांगितलं. जमुना म्हणाली, "गवताला माजा पोर म्हनून जालू? नाय." विधी राहिला. अशा माणसाचं नाव आम्ही दिवेलागणीला घेत नाही. त्याला वाटतं, घरून हाक आली.

११ नोव्हेंबर

चाचणीसाठी एक खोटा खलाशी नोंदवायचा होता. कुठलंही नाव चाललं असतं. माझ्या बोटांनी मेहुल लिहिलं. घरचा नंबर विचारला, तेव्हा जमुनाचा दिला. पाठ असलेला तो एकच. बोट केळव्यासमोर आल्याची नोंद करून बटण दाबलं आणि खिडकीकडे पाहिलं तर रस्त्यावरचे दिवे लागत होते.

घरी आलो. जमुना उंबऱ्यात उभी, हातात फोन, त्यावर संदेश. "मेहुल केळव्यासमोर आला आहे." मी सांगायला तोंड उघडलं. तिचा चेहरा पाहिला आणि चपला काढायला वाकलो.

१२ नोव्हेंबर

सकाळी पहिलं काम म्हणून ते नाव पुसलं. संध्याकाळी घरी आलो तर तिनं बोंबलाचं कालवण केलेलं, त्याच्या आवडीचं. दुसरा संदेश आला होता. माहीमसमोर, म्हणजे पालघरच्या माहीमला, घराच्या आणखी जवळ.

तो मी धाडलेला नव्हता.

१३ नोव्हेंबर

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. आमच्या बाजूला नाव नाही, संदेश गेल्याची खूणही नाही. जे आहे ते त्या तयार सेवेच्या आत आहे. मी म्हटलं, आत बघू. त्या म्हणाल्या, काका, त्यांना पत्र लिहिते, पण परवानगीशिवाय आत नाही. तिथं इतरांचीही माणसं आहेत.

घरी जमुनाला खरं सांगितलं. चूक माझी, तो नाही, म्हटलं. तिनं शांतपणे विचारलं, "मंग दुसरा कोनी धाडला?"

१५ नोव्हेंबर

पत्राला उत्तर नाही. मॅडम बाहेर गेल्या होत्या. मी बुडाला ठोकलं, न विचारता त्या सेवेच्या आत शिरलो.

आत नावं होती. आमच्या संस्थेची नव्हेत — कुठल्या कुठल्या किनाऱ्यांची, कधी न ऐकलेल्या गावांची. प्रत्येकापुढे एकच शब्द, थांबला आहे. मेहुलपुढे मात्र — निघाला आहे.

मी पाहत असताना आणखी एकापुढचा शब्द बदलला. मग आणखी एका.

१६ नोव्हेंबर

मॅडमना कळलं. त्यांनी कामावरून थांबवलं. ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, काय केलंत हो काका.

जमुना दिवेलागणीला खाडीवर जाऊन बसते. मी हात धरून आणतो. ती पुन्हा जाते. देवापुढे बसलो, पण काय मागावं तेच — तो यावा म्हणू, की येऊ नये —

१७ नोव्हेंबर

जाणत्यांकडे गेलो. उद्या सकाळी विधी करू म्हणाले. जमुना कबूल झाली. रडत दर्भ निवडत बसली.

दिवे लागायच्या वेळी फोन वाजला. किनाऱ्याला लागला आहे.

तिनं दर्भ खाली ठेवला.

अंगणात पावलं. ओली. दाराशी थांबली. दार नुसतं लोटलेलं आहे, तरी आत येत नाही. मेहुलचाच आवाज. विचारतो, बाबा, येऊ?

त्याच्या मागं अजून — पुष्कळ —

जमुना दाराकडे जात नाही. माझ्याकडे बघते. म्हणते, तुमाला इचारतोय तो. बोला ना. पोर भिजलाय —

नाही म्हणायचं आहे. नाही म्हणायला हवं. मी त्याला आयुष्यात कधी —