पिशवी, दोन मायक्रोफोन आणि अक्षताचं वाक्य

मी, शर्मिला अभय ओव्हाळ, वय ६९, अर्थशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार कसबा पेठ, पुणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. माझ्यावर दडपण आणण्याची हिंमत घरात कोणाला नाही, हे माझे पती अभय शपथेवर सांगतील.

१. राहती सदनिका माझ्या एकटीच्या नावावर आहे. अभय यांनी हयातभर तिथे राहावे. नंतर ती कन्या अक्षता हिच्या मालकीची. बँकेतील ठेवी दोघांना निम्म्या. ठेवींबाबत माझ्या पॉडकास्टवरील तज्ज्ञांना विचारू नये. सहा जणांनी सात सल्ले दिले होते.

२. कुकर एकट्या अभय यांना. वरणाला तीन शिट्ट्या. चाळीस वर्षे त्यांनी त्या फक्त ऐकल्या आहेत.

३. 'पिशवीतलं अर्थशास्त्र' हा माझा पॉडकास्ट. निवृत्तीनंतर नऊ वर्षे मी तज्ज्ञांना स्वयंपाकघरात बसवून बोलते केले. नियम एकच: पाहुण्याने कापडी पिशवी घेऊन मंडईत जायचे, भाजी आणायची आणि ती चिरता चिरता बोलायचे. महागाईवर दोन ग्रंथ लिहिलेल्या डॉ. गंधार आगाशे यांनी बायडाबाईंच्या गाळ्यावरून किडकी वांगी आणली, तीही घासाघीस न करता. ती पिशवी, दोन्ही मायक्रोफोन आणि सगळी ध्वनिमुद्रणे अक्षताला.

४. बायडाबाई या मृत्युपत्राच्या साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात. त्यांनीही मला कधी फुकट कोथिंबीर दिलेली नाही. फिटंफाट.

५. आता अवघड कलम. अक्षता स्वतः अर्थतज्ज्ञ आहे. चार वर्षांपूर्वी ती पाहुणी म्हणून आली. मी विचारले, "घरकामाची किंमत कशी मोजायची?" भेंडी चिरत ती म्हणाली, "आई, तू मोजत बसतेस. आधी ते काम वाटून घ्या. बाबा बाहेर चहाची वाट बघत बसलेत."

मी ते वाक्य कापून भाग प्रसारित केला. शास्त्रीय नाही, असे तिला सांगितले. खरे म्हणजे मला नवऱ्याची लाज झाकायची होती, आणि माझीही. तेव्हापासून ती बाणेरहून कसब्यात आलेली नाही. बुद्धपौर्णिमेला मेसेज येतो, तेवढाच. तिचे उत्तर बरोबर होते आणि मला तिची फार आठवण येते. माझ्या पश्चात तिने याच टेबलापाशी ते वाक्य पुन्हा ध्वनिमुद्रित करावे. भाजी अभय यांनी चिरावी.

दुरुस्ती: सह्यांपूर्वी हे साक्षीदारांना वाचून दाखवले. बायडाबाई म्हणाल्या, "बाई, मेल्यावर माफी मागितली तर 'असू दे' कुणाला म्हणायचं पोरीनं? फोन लावा की."

दुसरे साक्षीदार डॉ. आगाशे म्हणाले, "मॅडम, यांच्याशी घासाघीस होत नाही. मी अनुभव घेतलाय."

दोघांसमोर फोन लावला. कापलेले वाक्य मी तिला जसेच्या तसे म्हणून दाखवले. अक्षता म्हणाली, "रविवारी येते. पण मंडईत बाबा जातील."

अभय यांनी पिशवी कुठे असते, असे विचारले.

सबब कलम ५ माझ्या हयातीतच अमलात येत असल्याने या मृत्युपत्रातून रद्द केले आहे. बाकी मजकूर कायम.

पुणे, शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

(सही) शर्मिला अभय ओव्हाळ

साक्षीदार:
१. (सही) बायडाबाई कचरू शेवकर, भाजीविक्रेत्या. अंगठा नव्हे, सही आहे, असे लिहायला सांगितले.
२. (सही) डॉ. गंधार आगाशे