नोकरी जायच्या आधीची तालीम

रत्नागिरी
५ सप्टेंबर

गुणवंते, तू पाठवलेल्या सुकटीत अर्धी वाळू होती. तीन पाण्यांतून धुतली तेव्हा कुठे सुकट दिसली, आणि टोपाच्या तळाला जी वाळू बसली तिच्यात तुळस लावता येईल. कोळणीच्या पोटी जन्मलीस आणि सुकट अंगणात फडकं न घालता वाळवतेस? परकीने असं केलं असतं तर भरबाजारात उभी करून विचारलं असतं. तू सख्खी म्हणून पत्रात लिहिते.

आता रीत. चि. सौ. गुणवंतीस थोरल्या बहिणीचे पोटातून आशीर्वाद, भावोजींना नमस्कार. तुझा गुडघा चढताना दुखतो की उतरताना, ते नीट कळव (इथला डॉक्टर म्हणतो, चढताना दुखला तर वय आणि उतरताना दुखला तर वजन, तुझा दोन्हीकडे दुखत असणार). मुंबईला तुझा संदेश आणि सून निशिगंधा खुशाल असतील. आम्हीही आहोत. फोन का केला नाही म्हणशील, तर तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि मग अख्खं वेळणेश्वर ऐकतं. पत्र तुला एकटीलाच वाचावं लागेल. माझी चौथीपर्यंतची शाळा, तेव्हा अक्षर लावून वाच आणि मध्येच उठू नकोस, कारण मी या घरात जे पाहिलं ते इतक्या वयात कधी पाहिलं नव्हतं.

शिमग्याची पालखी देवळात परत गेली त्याच आठवड्यात माझा दीपेश संध्याकाळी घरी आला तो बूट न काढताच बसला. त्या कंपनीत त्याला एकोणीस वर्षं झाली, स्टोअर सांभाळतो, वय चव्वेचाळीस. म्हणाला, मुंबईच्या ऑफिसातली चाळीस माणसं एका दुपारी घरी पाठवलीन, आता इथली यादी होणार असं बोलतात. मी म्हटलं, बोलणाऱ्यांचं तोंड धरता येत नाही, जेवायला बस. तो जेवायला बसला. पण सून रुपाली (तुला माहीत आहेच ती, देवरूखची, लग्नात पहिल्यांदा बांगडा हातात घेतलान तो दुसऱ्याचं पोर घेतल्यासारखा) भांडी गोळा करायला लागली. ती घासून झाल्यावर तिने नातीच्या, संस्कृतीच्या दप्तरातून चौकटीचा कागद काढलान, पट्टी घेतलीन, आणि उभी रेघ मारलीन. वर लिहिलंन, पैसे आले नाहीत तरी जाणारे.

बाय गो, काय तो कागद! चार दिवस लिहीत होती. आपल्या वेळी पैसे न्यायला माणूस दारात यायचा, त्याला शिव्या देता यायच्या, निदान नाही म्हणताना त्याचं तोंड बघता यायचं. आता पैसे आपले आपण जातात, पहाटे, माणसं झोपेत असताना. घराचा हप्ता गेला, गाडीचा गेला, हे मला ठाऊक होतं. पण दीपेश व्यायामशाळेचे पैसे भरतो हे तुला ठाऊक होतं? तोही विसरला होता. तिथे तो दोनदा गेला, त्यातला एकदा छत्री विसरली म्हणून. सिनेमे बघायचे चार ठिकाणचे पैसे जातात आणि घरात टीव्ही एक. संस्कृती पाच वर्षांची असताना तिला इंग्रजी गोष्टी सांगणारा मोबाइलमधला ससा घेतला होता. पोर आता दहावीला आहे, आणि तो ससा अजून दर महिन्याला पैसे घेऊन जातो. जो फ्रिज आम्ही भंगारात दिला त्याच्या दुरुस्तीचेही जातात. मी तोंडाला पदर लावून बसले. अगो, एवढ्या तोंडांना एकटा दीपेश घास भरवीत होता, आणि आम्हाला वाटत होतं घरात माणसं चार!

मग प्रत्येक ओळीवर बोट ठेवून रुपाली विचारायची, नोकरी गेली तर हे लागेल का? दीपेश चिडला. म्हणाला, मी अजून कामावर जातो आहे, जिवंतपणी माझं श्राद्ध कशाला घालतेस? ती म्हणाली, श्राद्ध नाही, तालीम आहे. माझ्या मिश्रीवर तिचं बोट आलं तेव्हा मी सांगितलं, ते औषधात लिही. तिने औषधात लिहिलंन. (तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही बाई साधी नाही. जी भांडत नाही तिच्याशी जिंकायचं कसं?)

त्यातच विम्याचं आलं. दवाखान्याचा खर्च कंपनीच्या विम्यातून होतो म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तर म्हणे नोकरी गेली की तोही गेला. रुपाली म्हणाली, नोकरी आहे तोवर आपला वेगळा काढू, मग चव्वेचाळिशीत धावाधाव नको. त्यासाठी एक पोरगा आला, गळ्यात टाय, पायांत लाल माती. माझं वय विचारलंन. मी म्हटलं, बंदरावरची चौदा होडकी फुटली त्या वादळाच्या दुसऱ्या वर्षीची. त्याने मोबाइलात पाहिलंन, त्यात ते वादळ नव्हतं. व्यसन विचारलंन, मी म्हटलं औषध घेते. शेवटी तिघांचा एक विमा झाला आणि माझा वेगळा, चढ्या भावाचा. जुन्या होडीला डांबर जास्त लागतं, मी काही वाईट वाटून घेतलं नाही.

मग खरी गंमत. रुपालीने जाहीर केलंन की जून आणि जुलै, दोन महिने, दीपेशचा पगार आला की तसाच्या तसा वेगळ्या खात्यात टाकायचा आणि त्याला हात लावायचा नाही. नोकरी गेली असं धरून राहायचं. तिची शिवणाची कमाई आणि बाजूला काढलेलं थोडं, एवढ्यावर. मी हसले ती इतकी हसले की उचकी लागली. गुणवंते, जून आणि जुलै! होड्या वर ओढतात, जाळी माळ्यावर जातात, समुद्र बंद. दीपेशचा बापूस दर वर्षी दोन महिने बेकार असायचा आणि आपण त्याला बेकारी म्हणत नव्हतो, पावसाळा म्हणत होतो. मी तिला म्हटलं, तू जे कागदावर काढलंस ते आम्ही मडक्यात करत आलो. मग मी कंबर बांधली. तांदूळ, सुकट, सुके बोंबील, आमसुलं, सांडगे, फणसाच्या आठळ्या मातीत घोळून. ती माझ्यामागून कागद घेऊन फिरत होती आणि मी सांगेन ते लिहीत होती. तिच्या लग्नाला अठरा वर्षं झाली, माझं सांगणं कुणी लिहून घेतलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

पण एक गोष्ट तिने विचारलीन ती माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. म्हणाली, आई, समुद्र बंद होतो त्याची तारीख तुम्हाला आधी माहीत असायची. तारीख माहीत नसती तर? मला गप्प बसवणारं माणूस या घरात दीपेशच्या बापसानंतर हेच.

दहाव्या दिवशी दीपेशची जीभ चाळवली. मासेमारी बंद असतानाच्या चढ्या दराने दोन पापलेटं घेऊन आला, पिशवी पाठीमागे धरून. तिने ती तळून वाढलीन. तो जेवत असतानाच कागद काढून त्यात लिहिलंन, दीपेशची हाव, आणि पुढे रक्कम. म्हणाली, नोकरी गेल्यावर दहाव्या दिवशी तुम्ही काय करणार ते आत्ताच कळलं, बरं झालं. त्याला घास लागला. मलाही लागला असता, पण मी दुसरं पापलेट आधीच संपवलं होतं.

आता माझी चूक लिहिते. लिहायला नको, पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. गाडी ताडपत्रीखाली उभी आणि दीपेश बसने जातो, हे बघून बंदरावरच्या बायका मला गाठून विचारायला लागल्या, नोकरी गेली काय? तालीम आहे म्हटलं तर त्यांना वाटायचं मी झाकते आहे. मला वाटलं, देवीला गाऱ्हाणं घालावं म्हणजे नोकरीही राहील आणि तोंडंही बंद होतील. आता देवीला अर्धवट सांगून चालत नाही. म्हणून मी रुपालीचा कागदच नेला आणि केरू गुरवाच्या हातात दिला. मला वाटलं तो त्यावरून समजून घेईल. केरूने चष्मा लावलान आणि भर आषाढी मंगळवारी, देऊळ माणसांनी भरलेलं, पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केलीन. बा महाराजा, ह्या लेकराच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे! होय महाराजा! व्यायामशाळेचे पैसे भरतो, तिथे दोनदाच गेला! होय महाराजा! भंगारातल्या फ्रिजची दुरुस्ती चालू आहे, ती तुझ्या पायाशी बंद करून घे! होय महाराजा! अख्खं देऊळ एका आवाजात हो म्हणत होतं. मी खुणा करून थकले. दीपेशच्या हावेपर्यंत तो आला तेव्हा बायका पदरात तोंड घालून बसल्या होत्या, पण होय महाराजा म्हणायच्या राहिल्या नाहीत.

आणि त्या गर्दीत कोण? दीपेशच्या मोठ्या साहेबांची, अजिंक्य साहेबांची बायको नम्रता. नवस फेडायला आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीपेशने फोन केलान, साहेबांनी आत बोलावलंय. तो घरी येईपर्यंत मी चूल पेटवली नाही (गॅस आहे, पण पेटवली नाही). माझ्या तोंडाने मुलाची नोकरी घालवली असं मला वाटत होतं. घरी आला आणि सांगतो काय, साहेबांनी दार लावून घेतलंन, खुर्ची जवळ ओढलीन आणि हळूच विचारलंन, तो देवळातला कागद मला बघायला मिळेल काय?

रविवारी साहेब आणि नम्रता, दोघं घरी आली. साहेब पस्तिशीचा, हातातलं घड्याळ आपल्या होडीच्या किमतीचं. माझ्या हातचं आमसुलाचं सार दोनदा घेतलंन. रुपालीने नवा कागद घेतलान, उभी रेघ मारलीन, आणि विचारायला लागली. काय ती ओळींवर ओळ! पुण्याला एक घर, त्यात भाडेकरू. दुसरं घर एकोणिसाव्या मजल्यावर, आणि इमारत अजून अकराव्यावर आहे; म्हणजे आठ मजले हवेत, त्यांचा हप्ता मात्र जमिनीवर. दोन गाड्या, कुत्र्याचा विमा. मी समोर बसून बघत होते. एवढा भार घेऊन माणूस सरळ चालतो, हसतो, दुसऱ्यांच्या नोकऱ्यांच्या याद्या करतो. भरती आणि उधाण दोन्ही मी पाहिली आहेत, पण असं पाणी पाहिलं नाही. शेवटी रुपालीने विचारलंन, पगार थांबला तर किती दिवस निघतील? तो बायकोकडे बघायला लागला. नम्रता म्हणाली, तीन आठवडे. अगो, तीन आठवडे तर आपल्या घरचं मीठच पुरायचं! मी उठले आणि तिच्या पिशवीत पायलीभर तांदूळ घातले. नको नको म्हणाली, पण पिशवी पुढे केलीन.

असं आहे सगळं. तब्येतीला जप, सुकट फडक्यावर वाळव, वाचून झाल्यावर पत्र चुलीत घाल.

तुझी थोरली बहीण,
जनी

ता. क. वर एक राहिलं. जुलैच्या अखेरीला दीपेशला कंपनीचा कागद मिळाला. अजिंक्य साहेबांनीच दिलान, आणि त्यांचा स्वतःचा त्यांच्या दुसऱ्या खिशात होता. दीपेशची नोकरी गेली, गुणवंते. वर लिहायला हात गेला नाही.

ता. क. दुसरं. एक सप्टेंबरला पगार आला नाही. मी पहाटे उठून पायरीवर बसले होते, काय होतं ते बघायला. दूधवाला आला. नळाला पाणी आलं. रुपालीने भाकऱ्या थापल्यान, संस्कृती शाळेत गेली, पहाटेचा घराचा हप्ताही गेला. काही झालं नाही! एवढी मोठी नोकरी गेली आणि घराला कळलंसुद्धा नाही. वेगळे ठेवलेले पगार, कंपनीने जाताना दिलेले पैसे आणि शिवण, एवढ्यावर आठ महिने निघतील, असं रुपाली म्हणते. सावर्ड्याला एक जागा आहे, पगार निम्मा. दीपेश घाबरून हो म्हणायला निघाला, तर रुपाली म्हणाली, निम्म्यात घर चालतं हे आपण करून बघितलंय, पण म्हणूनच घाई करायची नाही, अजून दोन ठिकाणी विचारा. मी तिच्या पाया पडले असते, पण ती सून आहे.

ता. क. तिसरं, आणि एवढ्यासाठीच पत्र लिहिलं. तुझ्या संदेशने शिमग्याला नवी मोठी गाडी आणलीन, तेव्हा मी नारळ फोडला, विचारलं काही नाही. आता विचारते. गणपतीला यायच्या आधी त्यांनी कागदावर उभी रेघ मारावी आणि पगार थांबला तर किती दिवस निघतील ते मला कळवावं. उत्तर तू लिहायचं नाहीस, तू सगळं गोड लिहितेस. संदेशनेही लिहायचं नाही, पुरुषांना व्यायामशाळा आठवत नाही. निशिगंधाने लिहायचं, तिच्या हाताने, आकड्यात.