तोंडानं मागितल्याशिवाय

अण्णा,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं. तुम्ही गेल्यापासून तुम्हाला काही सांगावंसंच वाटलं नव्हतं. काल माझ्या चार वर्षांच्या ओवीला बीडला दाखवून आणलं, म्हणून लिहितेय. पोरीला सगळं समजतं, पण बोलायला गेली की शब्द वेडावाकडा निघतो. स्पीच थेरपीच्या मॅडमनी विचारलं, “घराण्यात असं कुणी आहे का?”

“माझी धाकटी बहीण, शेवंता. गाव तिला मुकी म्हणतं.”

मॅडम म्हणाल्या, अशा मुलांच्या डोक्यात शब्द तयार असतो. पण जीभ, ओठ, जबडा कसे आणि कोणत्या क्रमानं हलवायचे, ते मेंदूला नीट जुळवता येत नाही. म्हणून आज जमलेला शब्द उद्या जमेलच असं नाही. ऐकताना मला शेवंताच दिसत होती, अण्णा!

तो दुष्काळ आठवतो? तुम्ही दूध सोसायटीचे चेअरमन. तेलगावच्या रस्त्याला सोसायटीनं जनावरांची छावणी घातली होती. टँकर दिसला तशी सहा वर्षांची शेवंता स्पष्ट ओरडली, “पाणी आलं!” केवढे हरखला होतात तुम्ही! दुसऱ्या दिवशी छावणी बघायला पाहुणे आले, तेव्हा तिला पुढं उभं केलंत. “बोल बाळा, काल बोललीस तसं.”

तिचे ओठ नुसते चाचपडत राहिले. ‘नापी’ म्हणाली, मग ‘पाई’. माणसं हसली.

घरी येऊन तुम्ही आईला म्हणालात, “ढोंगी हाय ही. काल कशी बोलली मग? तोंडानं मागितल्याशिवाय हिला पाणी द्यायचं न्हाई.”

भर उन्हाळा. शेवंता रांजणाला चिकटून बसली. बोट दाखवायची, तुमच्या तोंडाकडं बघून ओठ हलवायची. तुम्ही बाजेवरून म्हणत होतात, “असं न्हाई. बोल.” संध्याकाळी तुम्ही मीटिंगला गेलात, तेव्हा आईनं तिच्या तोंडाला तांब्या लावला. इतकं घटाघटा प्याली, की सगळं उलटून पडलं.

छावणीतली गाय हंबरायच्या आत तुम्ही गड्यांना हाक मारायचात, “अरे, पाणी दावा तिला!” मग पोटच्या पोरीची तहान कावून कळली नाही?

त्यानंतर तिनं बोलायचं सोडलं. तुम्ही तिला शाळेतूनही काढलंत. आज चाळिशीला टेकली, शेळ्या राखते. तुमच्या तेराव्याला सोसायटीची माणसं म्हणाली, अण्णांनी मुक्या लेकीला शेवटपर्यंत सांभाळलं. ती मागं बसून ऐकत होती!

आई म्हणते, “त्यांना तरी काय ठावं होतं, बाई?” खरं आहे. हा आजार गावात कुणालाच ठाऊक नव्हता. तेवढं मी सोडून देते. बाकीचं सोडवत नाही.

काल बीडहून माहेरी आल्या आल्या शेवंताला सांगितलं, “तू ढोंग करत नव्हतीस गं.” तिनं माझ्याकडं पाहिलं आणि सावकाश मान हलवली. तिला ते ठाऊकच होतं. ती कोणाला सांगणार होती?

मग ओवीचा सराव सुरू झाला. म, मा, मामा. शेवंता येऊन शेजारी बसली. तिचेही ओठ हलायला लागले. आवाज फुटला नाही. पण पोरगी उठली तरी ती उठली नाही.

मॅडमना विचारून तिलाही बीडला नेणार आहे. या वयात किती जमेल, माहीत नाही. पण एक शब्द देते, अण्णा. तुम्हाला माफ करायचं की नाही, ते मी ठरवणार नाही. तिला विचारीन. उत्तराला वर्ष लागो, दहा लागोत, मी समोर बसून राहीन. तिच्या तोंडचा शब्द मी हिरावून घेणार नाही, दुसऱ्या कुणाला घेऊ देणार नाही.

तुमची थोरली,
सुमन