मेन चालू ठेवून

३ मार्च
हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. छातीतल्या धडधडीचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. वरचे कप्पे ताल सोडून फडफडतात. उपाय ॲब्लेशन : जांघेतून बारीक तार हृदयात न्यायची, उलटसुलट करंट जिथून येतो तिथे डाग द्यायचा. मी जन्माचा वायरमन, लगेच समजलं. विचारलं, मेन कधी बंद करता? म्हणाले, मेन चालूच असतो.
घाबरलो वगैरे नाही. मेन चालू ठेवून मी कधी साधं बटणही बदललेलं नाही, एवढंच.

४ मार्च
हिने पंचवीस तारीख घेऊनही टाकली. तोवर रक्त पातळ करायची गोळी, दोन वेळा. चुकवली तर हृदयात गुठळी होते, ती मेंदूत गेली की खेळ खलास. डॉक्टरांनी हे सगळं हिच्याकडे बघून सांगितलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

९ मार्च
धडधड नाही! फॉल्ट आपोआप गेला. उद्यापासून रोज पहाटे फिरायला जाणार.

१० मार्च
उठायला उशीर झाला.

१२ मार्च
दाढी करताना कापलं, रक्त थांबेना. गोळीचे प्रताप! आपला धंदा हातांचा. गोळ्या बंद. हिला बोललो नाही, उगाच जीव टांगणीला लागतो तिचा. ही हातावर गोळी ठेवते, मी पाठ फिरवून पाणी पितो. गोळी टूलबॉक्समध्ये.

१८ मार्च, पहाटे
छातीत धुमाकूळ. शेजाऱ्यांचा पंप असणार. पंप बंद होता. मग डाव्या कुशीवर झोपल्यामुळे असेल. ही पाठीवर हात ठेवून बसून राहिली. म्हणाली, पंचवीसपर्यंत दम धरा, मग सुटलात. डोळ्यांत पाणी आलं. झोप झाली नाही की येतंच.

२४ मार्च
बॅग भरली. उपसली. परत भरली. मी अगदी शांत आहे. घरातले सगळे फ्यूज तपासले.

२५ मार्च
घशातून नळी घालून हृदय बघितलं. गुठळी आहे. ॲब्लेशन रद्द. डॉक्टरांनी हिला विचारलं, गोळ्या चुकल्या का? ही ताडकन म्हणाली, शक्यच नाही, मी स्वतःच्या हाताने देते. मला म्हणायचं होतं, माल डुप्लिकेट असेल. म्हणालो, टूलबॉक्समध्ये आहेत.
घरी येईपर्यंत ही रडत होती.

२६ मार्च
गुठळी विरली तर मे महिन्यात बघू म्हणाले. मेन चालू ठेवूनच. धडधडतंय. पंप नाही, कूस नाही, काही नाही. भीती वाटतेय.
गोळी गिळली. हिने 'आ' करायला लावलं. मग जीभ वर.